हवेत फुकट, पिशवीत विकत: अणू एकमेकांना धरतात तरी कसे?

खरीप आला की मराठवाड्यातल्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते: युरियाची टंचाई. पहाटेपासून रांगा आणि एका पिशवीबरोबर नको असलेली दुसरी एखादी बाटली गळ्यात मारणं, ज्याला आता सगळेच ‘लिंकिंग’ म्हणतात. अशाच एका रांगेत परभणी जिल्ह्यातले आमचे तात्या उभे होते. चुलते माझे. मी रसायनशास्त्र शिकवतो हे त्यांना माहीत आहे आणि त्याचा त्यांना फारसा आदर नाही.

“तूच म्हणतोस ना हवेत शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग नत्र हाय? मग मी हितं कामून उभा हाव?”

प्रश्न बिनतोड आहे. ४५ किलोच्या युरियाच्या पिशवीत ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतो. किलोत सांगायचं तर पावणेएकवीस. आणि तात्यांच्या एका एकरावर, जमिनीपासून पार आभाळापर्यंत जी हवा उभी आहे तिच्यात नायट्रोजन किती? हवेच्या दाबावरून हिशेब करता येतो. साधारण ३० हजार टन. चौदा लाखांहून जास्त पिशव्या भरतील इतका. तो कपाशीला चाटून जातो, पानात शिरतो आणि जसा आला तसा बाहेर पडतो. पिकाला त्यातला एक कणही थेट घेता येत नाही.

कारण हवेतला नायट्रोजन सुटा नाही. त्याचे अणू दोन-दोन करून एकमेकांना असे घट्ट धरून बसलेत की त्यांना सोडवणं हे माणसाला जमलेल्या सर्वांत महागड्या कामांपैकी एक आहे. या धरण्यालाच रासायनिक बंध म्हणतात. तो कसा होतो हे कळलं तर युरिया का लागतो ते कळेलच. शिवाय बोरच्या पाण्यात डाळ का शिजत नाही आणि युरिया टाकला की फवारणीची बादली गार का पडते, तेही कळेल.

## बंध म्हणजे दोरी नव्हे

शाळेतल्या चित्रात दोन गोळे आणि मध्ये एक काडी असते. त्या काडीनं फार नुकसान केलंय. दोन अणूंच्या मध्ये काडी नाही, दोरी नाही, डिंकही नाही.

अणूच्या मधोमध केंद्रक असतो, धन प्रभाराचा. त्याच्याभोवती इलेक्ट्रॉन असतात, ऋण प्रभाराचे. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात. धन-धन किंवा ऋण-ऋण एकमेकांना ढकलतात. एवढ्या एकाच नियमावर पुढचं जवळपास सगळं उभं आहे. दोन अणू जवळ आले की ओढणं आणि ढकलणं दोन्ही सुरू होतं. इलेक्ट्रॉनांची काही मांडणी अशी सापडली की ओढ जास्त भरते, तर अणू त्या जागी ‘खाली उतरतात’ आणि तिथंच राहतात.

खाली उतरतात म्हणजे काय? विहीर डोळ्यांसमोर आणा. काठावरचा धोंडा विहिरीत पडला की दणका बसतो, ऊर्जा बाहेर पडते. तोच धोंडा वर काढायचा तर तेवढीच ताकद खर्चावी लागते. बंध म्हणजे अशी विहीर. जुळताना ऊर्जा निघते, तोडताना घालावी लागते.

आपल्याकडे विहीर परसात मोजायची पद्धत आहे. एक परस म्हणजे एक पुरुष, उभ्या माणसाचं माप. या लेखापुरतं तेच माप वापरू. प्रयोगशाळेत ठरावीक संख्येच्या बंधांसाठी लागणारी ऊर्जा किलोज्यूलमध्ये मोजतात. १०० किलोज्यूलला आपण एक परस म्हणू. हवेतल्या ऑक्सिजनच्या दोन अणूंमधला बंध पाच परस खोल आहे. हायड्रोजनचा साडेचारच्या आत. आणि नायट्रोजनचा साडेनऊ परस, नेमकं सांगायचं तर ९४५ किलोज्यूल. तात्यांची पिशवी या विहिरीच्या तळाशी आहे.

सगळ्या विहिरी एकाच पद्धतीनं खोदलेल्या नसतात, तसेच बंधही. इलेक्ट्रॉन कोणाकडे जातात त्यावर प्रकार ठरतो.

## मीठ: देण्याघेण्याचा व्यवहार, पण मनापासून नव्हे

पहिला प्रकार आयनिक. मिठातला सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो. देणारा धन होतो, घेणारा ऋण. अशा प्रभारित अणूला आयन म्हणतात. मग विरुद्ध प्रभार एकमेकांना धरतात.

इथं वर्गात एक गोड खोटं सांगितलं जातं, मीही सांगितलंय: सोडियमला इलेक्ट्रॉन देऊन टाकायचाच असतो, क्लोरीनला घ्यायचाच असतो, दोघांची ‘अष्टकं’, म्हणजे बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण झाली की दोघं सुखी. हिशेब मांडला तर हे टिकत नाही. सोडियमचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला जवळपास पाच परस खर्च येतो. क्लोरीन तो घेतो तेव्हा साडेतीन परस परत मिळतात. म्हणजे नुसत्या देण्याघेण्यात दीड परसाचा तोटाच आहे. दोन अणू एकमेकांपासून लांब असतील तर हा व्यवहार होणारच नाही.

व्यवहार फायद्यात येतो तो नंतर. धन आणि ऋण आयन जवळ येऊन बुद्धिबळाच्या पटासारखे आळीपाळीनं रचले जातात, वर-खाली, चहूबाजूंनी, आणि त्या रचनेत जवळपास आठ परस ऊर्जा बाहेर पडते. तोटा भरून निघतो आणि वर भरपूर उरतं. म्हणून मिठात ‘एक सोडियम आणि त्याचा एक क्लोरीन’ अशी जोडपी नसतात. प्रत्येक सोडियमला सहा क्लोरीन लागून आहेत, प्रत्येक क्लोरीनला सहा सोडियम. अख्खा खडा म्हणजे एकच भावकी. तो वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात.

मग तेच मीठ आमटीत क्षणात कसं विरघळतं? पाण्याच्या रेणूची एक बाजू थोडी धन, एक बाजू थोडी ऋण असते. (रेणू म्हणजे एकमेकांना धरून असलेल्या अणूंचा गट.) पाण्याचे कितीतरी रेणू एकेका आयनाभोवती गोळा होतात आणि भावकीपेक्षा फारशी कमी नसलेली ओढ देतात. आयन सुटतो.

## डाळ शिजेना, कारण कॅल्शियमला दोन हात आहेत

मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकाचं पाणी वेगळं असतं. बोरच्या पाण्यात तुरीची डाळ चार शिट्ट्यांनीही गळत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या तळाला आणि नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो. ‘पाणी जड आहे’ म्हणतो आपण. पुस्तकात दुष्फेन म्हणतात. काळ्या पाषाणातून आणि चुनखडीच्या थरांतून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे आयन उतरतात, त्याचा हा परिणाम.

डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. शिजवणं म्हणजे बऱ्याच अंशी हा चिकटा सैल करणं. पेक्टिनच्या लांब साखळ्यांवर जागोजागी ऋण प्रभार असतो. सोडियमच्या आयनावर एकच धन प्रभार, तो एका जागी चिकटून गप्प बसतो. कॅल्शियमवर दोन. तो एका हातानं ही साखळी धरतो, दुसऱ्या हातानं शेजारची, आणि दोन्ही बांधून टाकतो. जड पाण्यात डाळ उकळताना आपण ती शिजवतही असतो आणि बांधतही असतो.

चिमूटभर खायचा सोडा टाकला की डाळ वठणीवर येते, ही युक्ती आज्यांना ठाऊक आहे. सोड्यामुळं काही कॅल्शियम चुन्याच्या रूपात खाली बसतं आणि पेक्टिनही लवकर तुटतं. चव बिघडते, जीवनसत्त्वं थोडी जातात, पण उपाशी राहण्यापेक्षा बरं.

## सावड: एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक

दुसरा प्रकार आपल्या प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाचा, म्हणून जरा थांबून बघू.

ज्याच्याकडे एकच बैल तो औत हाकू शकत नाही. शेजाऱ्याकडेही एकच. मग दोघं सावड करतात: बैलांची जोडी लागते आणि ती दोघांच्या वावरात चालते. बैल कुणी कुणाला दिला नाही, विकला नाही. जोडी सामाईक झाली. दोन अणू प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन घालून जोडी करतात आणि ती जोडी दोघांच्या केंद्रकांमध्ये वावरते, तेव्हा त्याला सहसंयुज बंध म्हणतात. बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची सामाईक जोडी, हे १९१६ मध्ये गिल्बर्ट लुईस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं मांडलं. जोडीनं ऊर्जा कमी का होते याचं गणित मात्र ११ वर्षांनी, १९२७ मध्ये, हाइटलर आणि लंडन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी हायड्रोजनसाठी करून दाखवलं. ढोबळ अर्थ असा: मधल्या इलेक्ट्रॉनांना एका ऐवजी दोन केंद्रकांची ओढ मिळते आणि वावरायला दुप्पट रान मिळतं. दोन्ही गोष्टी त्यांच्या फायद्याच्या.

एक जोडी सामाईक असेल तर एकेरी बंध, दोन असतील तर दुहेरी. नायट्रोजनकडे सावडीला घालायला तीन इलेक्ट्रॉन असतात. दोन नायट्रोजन भेटले की तीन जोड्या. भारी लोखंडी नांगराला पूर्वी सहा-सहा बैल जुंपायचे, तसा हा तिहेरी बंध.

आता यातली गंमत. नायट्रोजनचा एकेरी बंध फारच कच्चा आहे, दीड परसाच्या आसपास. तिप्पट केलं तरी पाचच्या आत भरायला हवं. भरतात साडेनऊ! कार्बनमध्ये उलटं आहे: एकेरी साडेतीन परस, तिहेरी मात्र साडेआठच्या आत, तिपटीपेक्षा कमी. म्हणून कार्बन एकेरी बंधांच्या लांबलचक साखळ्या करतो, ज्यातून कापूस, साखर, आपण सगळे तयार झालो. आणि नायट्रोजन संधी मिळाली की सगळं सोडून आपल्या जुळ्याकडे पळतो.

हा पळ किती जोराचा असतो ते विहीर खोदणाऱ्यांना विचारा. पाषाण लागला की तोटे लावतात. त्या स्फोटकांत नायट्रोजनचे अणू ऑक्सिजनला तुलनेनं सैल बांधलेले असतात. ठिणगी मिळाली की ते सुटतात आणि दोन-दोन होऊन साडेनऊ परस खाली कोसळतात. कार्बन आणि हायड्रोजनही त्याच वेळी ऑक्सिजनशी जुळतात. खालच्या पाषाणाच्या ठिकऱ्या उडतात त्या या कोसळण्यानं.

## “पण बंध तुटला की ऊर्जा मिळते ना?”

नाही. हा गैरसमज इतका पक्का आहे की बारावीची पोरंसुद्धा बिनधास्त लिहून येतात. गॅसच्या शेगडीचं उदाहरण देतात: गॅसचे बंध तुटतात, म्हणून उष्णता मिळते.

गॅसचे बंध तोडायला ऊर्जा लागते, म्हणूनच तर लायटर लागतो. उष्णता मिळते ती पुढच्या पायरीत, कार्बन आणि हायड्रोजन ऑक्सिजनला जुळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतात तेव्हा. नव्या विहिरी जुन्यांपेक्षा खोल असतात. धोंडे आधी उथळ विहिरीतून काढले, मग खोल विहिरीत टाकले; फरक तेवढा आपल्या हाती.

## तांब्याची तार आणि गायरान

तिसरा प्रकार धातूंचा. सावडीत जोडी दोघांचीच असते. धातूत प्रत्येक अणू आपले एक-दोन इलेक्ट्रॉन गायरानात सोडल्यासारखे मोकळे सोडतो. कुणाचं जनावर कुणाचं हा हिशेबच नाही. सगळे अणू त्या मोकळ्या कळपाला धरून, आणि कळपामुळे एकमेकांना धरून.

तांबट पत्र्यावर हातोडी मारतो तेव्हा पत्रा वाकतो, पसरतो, हंडा होतो. खडेमिठावर तीच हातोडी मारा, भुगा होतो. धातूत अणूंचे थर सरकले तरी इलेक्ट्रॉनांचा कळप सोबत सरकतो. मिठात थर एक घर सरकला की धनासमोर धन येतं, ऋणासमोर ऋण, आणि ते एकमेकांना फेकून देतात.

मोकळा कळप हाकता येतो, म्हणून तारेतून वीज वाहते. मोटारीच्या वाइंडिंगमध्ये तारेवर जो लाखेसारखा चकचकीत थर असतो, त्यात मात्र सगळे इलेक्ट्रॉन सहसंयुज जोड्यांत बांधलेले असतात, म्हणून तो वीज अडवतो. व्होल्टेज कमी आलं, मोटार तापली, तो थर करपला आणि तारेला तार भिडली की मोटार जळाली. तांबं जळत नाही, त्याच्यावरचा थर जळतो.

## बादली गार का पडते?

चौथा बंध खरं तर रेणू-रेणूंमधला आहे आणि अगदी उथळ: हायड्रोजन बंध. सावडीत एक भागीदार हावरा असेल तर जोडी बहुतेक वेळ त्याच्याच रानात. ऑक्सिजन आणि नायट्रोजन असे हावरे. हायड्रोजनबरोबरची सामाईक जोडी ते आपल्याकडे ओढून ठेवतात, बिचारा हायड्रोजन थोडा धन उरतो आणि शेजारच्या रेणूतल्या हावऱ्याकडे आशेनं कलतो. त्या कलण्याची खोली पाण्यात परसाच्या पाचव्या भागाएवढी, गुडघाही बुडणार नाही. पण असे बंध संख्येनं अफाट असतात. पाणी १०० अंशाला उकळतं ते त्यांच्यामुळे. नाहीतर एवढा हलका रेणू साध्या तापमानाला वायू असता.

युरियाचे पांढरे दाणे असेच हायड्रोजन बंधांनी एकत्र राहतात. फवारणीसाठी बादलीत युरिया ओतला की दाण्यातले बंध तुटतात. पाण्याशी नवे बंध जुळतात, पण त्यांतून खर्च पूर्ण निघत नाही. उरलेली ऊर्जा पाणी स्वतःच्या उष्णतेतून भरतं. हात घाला, गारवा लागतो. ‘तोडायला ऊर्जा लागते’ याचा यापेक्षा स्वस्त प्रयोग मला माहीत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेपेक्षा बांधावर तो चांगला दिसतो.

पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी दगडासारखी होते तेही यातूनच. हवेतलं बाष्प दाण्यांवर बसतं, वरचा थर विरघळतो, पुन्हा सुकताना शेजारच्या दाण्याला जुळतो.

## प्रकार चारच, पण मध्ये बांध नाहीत

या चार नावांमुळे वाटतं की निसर्गानं चार खोके करून ठेवलेत. तसं नाही. सावडीतली जोडी किती कुणाकडे कलते याचं माप लायनस पॉलिंग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं १९३२ मध्ये काढलं. फ्लोरीन सर्वांत हावरा, ३.९८, ऑक्सिजन ३.४४, नायट्रोजन ३.०४, हायड्रोजन २.२०, सोडियम ०.९३. दोन नायट्रोजनांत फरक शून्य, म्हणजे बरोबरीची सावड. सोडियम आणि क्लोरीनमध्ये फरक मोठा, म्हणजे बैल जवळजवळ विकलाच. बाकीचे बहुतेक बंध अधेमधे कुठंतरी. वेरूळचं कैलास ज्या काळ्या पाषाणात कोरलंय त्यातला सिलिकॉन-ऑक्सिजनचा बंध असाच मधला: नाव सहसंयुज, अंगात बराच आयनिकपणा, आणि साडेचार परस खोल.

तोच सिलिकॉन-ऑक्सिजन आपल्या काळ्या मातीत पापुद्र्यांच्या रूपात असतो. पापुद्रा आतून मजबूत, पण दोन पापुद्र्यांमधली पकड ढिली. पावसाळ्यात मध्ये पाणी शिरून माती फुगते, उन्हाळ्यात ते निघून गेलं की पायाचा पंजा जाईल अशा भेगा. एकाच ढेकळात घट्ट आणि ढिले, दोन्ही बंध.

## “हे सगळं बघितलंय कुणी?”

तात्यांचा दुसरा प्रश्न. बरीच वर्षं उत्तर होतं: नाही, पण परिणाम मोजलेत. २००९ मध्ये झुरिचच्या आयबीएम प्रयोगशाळेनं पेंटासीन नावाच्या एका रेणूचं चित्र घेतलं. अतिसूक्ष्म टोक त्याच्यावरून फिरवून ढकल मोजली, डोळे मिटून बोटांनी चाचपावं तशी. त्यात पाच षटकोनी खण एका ओळीत, मधाच्या पोळ्यासारखे, स्वच्छ दिसतात. त्या चित्रातली प्रत्येक कड म्हणजे इलेक्ट्रॉनांची दाटी.

## साडेनऊ परसातून वर काढायचं कसं?

आता पुन्हा रांगेत. पिकाला नायट्रोजन हायड्रोजनला किंवा ऑक्सिजनला जुळलेला हवा, म्हणजे अमोनिया किंवा नायट्रेटच्या रूपात. अमोनियाचा हिशेब मांडू. नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन, यांचे सगळे बंध तोडायला साडेबावीस परस लागतात. नवे सहा बंध जुळताना साडेतेवीस परत मिळतात. म्हणजे शेवटी परसभर फायदाच!

मग आपोआप का होत नाही? कारण आधी चढायचंय. परसभर फायद्यासाठी पहिलाच साडेनऊ परसांचा सरळ कडा कोण चढणार?

तापवून बघा, असं सुचेल. तापवलं तर रेणू जोरात आदळतात खरे, पण फायदा उष्णतेच्या रूपात निघणारा असल्यानं जास्त तापमानाला झालेला अमोनिया परत मोडायला लागतो. ही कोंडी फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०९ मध्ये फोडली: प्रचंड दाब आणि एक उत्प्रेरक. कार्ल बॉशनं त्याचा कारखाना उभा केला, तो १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथं सुरू झाला. आजही रीत तीच: ४०० ते ५०० अंश, हवेच्या दीड-दोनशे पट दाब आणि लोखंडाचा चुरा.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे आम्हाला समजावणं सोपं आहे, कारण आमच्या जिल्ह्यात बारवा आहेत. वालूरची ती गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव बघा. विहिरीची खोली तेवढीच, पाणी तिथंच. पण पायऱ्या असल्यानं म्हातारीही घागर घेऊन वर येते. लोखंडाच्या पृष्ठभागावर नायट्रोजन आधी चिकटतो, लोखंडाचे इलेक्ट्रॉन त्याची पकड सैल करतात, मग एकेक हायड्रोजन येऊन जुळतो. खोली बदलली नाही, पायऱ्या आल्या.

हाबरला १९१८ चं नोबेल मिळालं, बॉशला १९३१ चं. त्याच हाबरनं पहिल्या महायुद्धात क्लोरीन वायू सैनिकांवर सोडण्याची मोहीम चालवली, हेही इथं लिहून ठेवतो. जगातल्या कोट्यवधी ताटांत त्याचं अन्न आहे आणि बेल्जियममधल्या इप्रच्या खंदकांत त्याचे बळी.

पायऱ्या असल्या तरी दाब द्यायला, तापवायला आणि मुख्य म्हणजे हायड्रोजन मिळवायला ऊर्जा लागतेच. आपल्याकडे हा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्या वायूतला मोठा वाटा बाहेरच्या देशांतून जहाजानं येतो. वायू महागला किंवा जहाज अडलं की त्याचा धक्का अमोनियाला आणि त्यापासून बनणाऱ्या युरियापर्यंत पोचतो. पिशवीवर छापलेली २६६ रुपये ५० पैसे ही किंमत सरकारनं बांधून दिलेली आहे; खरा खर्च त्याच्या कितीतरी पट, तो अनुदानातून भरला जातो.

## “वीज पडते तेव्हा बनतंच की खत”

बनतं. विजेच्या पट्ट्यात हवा काही क्षण ३० हजार अंशांपर्यंत तापते, तिहेरी बंध तुटतो, नायट्रोजन ऑक्सिजनला जुळतो आणि पावसाबरोबर नायट्रेट होऊन खाली येतो. पण हे प्रमाण पिकाच्या भुकेपुढं किरकोळ. पहिल्या पावसानंतर रान एकदम हिरवंगार होतं त्याचं श्रेय विजेला देतात, मात्र मोठा वाटा मातीतल्या जिवाणूंचा असतो. उन्हाळाभर कोरडे पडलेले ते ओल मिळताच कामाला लागतात आणि मातीतला अडकलेला नत्र मोकळा करतात.

जिवाणूंवरून आठवलं, खरी कमाल त्यांच्या एका चुलत घराण्याची आहे. सोयाबीनच्या, तुरीच्या, मुगाच्या मुळांवर गाठी असतात. तिथं राहणारे रायझोबियम गटातले जिवाणू हेच साडेनऊ परस साध्या मातीच्या तापमानाला चढतात. ना दाब, ना भट्टी. त्यांच्याकडे लोह आणि मॉलिब्डेनम असलेलं एक विकर, म्हणजे पेशीतलाच उत्प्रेरक, आहे; ते नायट्रोजनला एकेक इलेक्ट्रॉन देत पकड सोडवतं. ही फारच बारीक पायऱ्यांची बारव. मजुरी मात्र जबर: एका रेणूमागं पेशीतल्या ऊर्जेच्या किमान १६ पुड्या, एटीपी म्हणतात त्यांना. ही मजुरी झाड साखरेच्या रूपात चुकवतं. म्हणूनच सोयाबीनला सुरुवातीपासून भरपूर युरिया दिला तर गाठी कमी धरतात. आयतं मिळत असेल तर झाड तरी मजूर कशाला लावेल?

या विकराला ऑक्सिजन अजिबात चालत नाही. म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक भाऊबंद असतो, तो ऑक्सिजन मोजून-मापून देतो. त्याचा रंगही रक्ताच्याच घराण्यातला.

रांगेतून मोकळे झाल्यावर तात्यांना सोयाबीनच्या वावरात नेलं. पेरून महिना झाला होता. एक रोप हलक्या हातानं, मातीसकट उपटलं, मुळं धुतली. ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या, पंधरा-वीस. एक त्यांनी नखानं चिरली. आत गुलाबी.

“रगात हाय की ह्याला,” ते म्हणाले. दुसरी चिरली, तीही गुलाबी. तिसरी हिरवट निघाली. ती मेलेली आहे, काम करत नाही, म्हटल्यावर त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं.

“पुढच्या साली परभणीच्या विद्यापीठातून ते जिवाणूचं पाकीट आणू पेरायच्या आधी. पर मला सांग, कपाशीला का नाहीत ह्या गाठी?”

कपाशीच्या मुळांना या जिवाणूंशी बोलायची भाषा येत नाही, असं मी सांगितलं. सोयाबीनचं मूळ मातीत एक खास रसायन सोडतं, जिवाणू ते ओळखतात, उलट दुसरं रसायन सोडतात, आणि मगच मूळ त्यांना आत घेऊन गाठ धरतं. कपाशीकडे या बोलण्यातली पुढची वाक्यंच नाहीत.

“मग तिला पिशवीच,” तात्या म्हणाले, हात धोतराला पुसले आणि आधार कार्ड बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. उद्या पुन्हा दुकानात मशीनवर अंगठा द्यायचा होता.